चौदा पायऱ्या

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्याच्या तिसऱ्या दिवशी बायचा, म्हणजे आमच्या थोरलीचा, डबा न उघडताच परत आला. आत घावन आणि खोबऱ्याची चटणी. चटणीला वास यायला लागला होता. भरलेला डबा परत येणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नाही. माझी आई तर लगेच दृष्ट काढायच्या तयारीला लागते. "काय झाला गो बाय? कोण बोल्ला काय तुला?" तिने विचारलं. बायने दप्तर खुंटीला अडकवलं, माझ्या खाकी शर्टाच्या शेजारी, आणि म्हणाली, "माझं गणित खाली गेलं."

आधी आम्हाला कळलंच नाही. मार्क खाली गेले असतील असं वाटलं, पण ते तर सुट्टीआधीच कळले होते: सहामाहीला ५० पैकी १९. मग तिने तुटक तुटक सांगितलं ते असं.

शाळा दुमजली आहे. आठवी अ वरच्या मजल्यावर, आठवी ब खाली. दोन्ही तुकड्या सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून. सहामाहीचा निकाल बघून शाळेने ठरवलं की गणिताच्या तासापुरते दोन्ही तुकड्यांचे मिळून दोन गट करायचे, गुणांप्रमाणे. कागदावर त्यांची नावं 'गट एक' आणि 'गट दोन'. पोरांनी पहिल्याच दिवशी ती पुसून टाकली. आता ते आहेत 'वरचे' आणि 'खालचे'. तिसऱ्या तासाची घंटा झाली की अ मधली अकरा मुलं वही-पुस्तक घेऊन खाली उतरतात आणि ब मधली हुशार मुलं वर चढतात. दोन्ही रांगा जिन्यावर समोरासमोर येतात. जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. हे मी मोजलेलं नाही, बायने मोजलंय.

(बाय हे घरातलं नाव. खरं नाव वेगळं आहे, ते इथे नको.)

त्यावर मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो. म्हणालो, "हात्तिच्या, एवढंच ना? मी तर ड तुकडीत होतो. काय बिघडलं माझं?"

तिने खुंटीवरच्या खाकी शर्टाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "म्हणून तर."

आणि मागीलदारी निघून गेली.

मी एसटीत वाहक आहे. लोक कंडक्टर म्हणतात, मीही तेच म्हणतो. गुहागर तालुक्यातले रस्ते, वेळणेश्वर, हेदवी, धोपाव्याची फेरीबोट, चिपळूणची गर्दी, यात वीसेक वर्षं गेली. प्रवाशांचं बोलणं अंगाला लावून घ्यायचं नसतं हे पहिल्या वर्षातच शिकलो. पण हे दोन शब्द रात्रभर टोचत राहिले. ती मला कमी लेखत होती असं नाही. ती घाबरली होती, आणि तिच्या भीतीचं उत्तर म्हणून मी तिला स्वतःचाच नमुना दाखवला होता. पोराला जिथे पोचण्याचीच धास्ती आहे, त्याच गावाचं तिकीट फाडून वर "काही त्रास नाही हो, मी तिथलाच" म्हणावं, तसं झालं.

शिवाय ते खरंही नव्हतं. बिघडलं होतं की. माझ्या वेळी हायस्कूलला चार तुकड्या होत्या. पंखा फक्त अ च्या वर्गात होता. आम्हाला गणिताला जे सर होते ते म्हणायचे, "फळ्यावरचं उतरवून घ्या, तुम्हाला तेवढं पुरे." मी तेवढंच केलं. दहावीला गणितात ३८ पडले, पुढे कंडक्टरचा बिल्ला काढला, भरती झालो, आणि नंतर रोज शेकडो तिकिटांचा हिशेब केला. पंच खटखटवत कागदी तिकिटं फाडायच्या दिवसांत वेबिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद, लिहिताना माझी बेरीज सहसा चुकली नाही, कारण चुकली की फरक खिशातून भरावा लागतो. म्हणजे मला गणित येत नव्हतं असं नाही. मला ते येत नाही असं कुणीतरी ठरवून ठेवलं होतं, आणि मी ते मान्य करून टाकलं होतं. आजही कुणी सहज बोलताना 'ड तुकडीतला' असा शब्द वापरला की मी खिडकीबाहेर बघायला लागतो.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी मी शाळेत जायला निघालो ते सरळ भांडायला. बायकोने दारात अडवलं. ती काजूच्या कारखान्यात वजनावर काम करते, बोलणंही तसंच मोजून असतं. म्हणाली, "तुम्ही भांडून आलात तरी ती खालीच बसणार. वर आणि 'भांडकुदळ कंडक्टरची मुलगी' झाली, तर ती ते कुठे ठेवणार?" मी चपला काढल्या. ड्युटी होतीच दुपारची.

आठवड्यातून तीन रात्री माझी मुक्कामाची गाडी असते. खाडीच्या कडेचं शेवटचं गाव, गाडी रात्री साडेआठला पोचते आणि पहाटे पावणेसहाला सुटते. ड्रायव्हर आणि मी ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतो. खाली गावात मोबाइलला रेंज नाही. जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढून सड्याच्या तोंडाशी गेलं की दोन कांड्या येतात. जेवण झालं की मी तिथे जाऊन बसतो आणि घरी फोन लावतो. त्या रात्री बायला फोनवर घेतलं. या वेळी समजूत घालायची नाही असं आधीच ठरवलं होतं. फक्त विचारलं, "तिसऱ्या तासाला काय काय होतं ते सांग. घंटा झाल्यापासून."

ती वीस मिनिटं बोलली. घरात समोर बसून पाच मिनिटं बोलत नाही. अंधारात, एकमेकांचं तोंड दिसत नसताना बोलणं सोपं जात असावं. मलाही ऐकणं सोपं गेलं. समोर असतो तर तिसऱ्या वाक्याला मध्ये तोंड घातलं असतं.

तिने सांगितलेलं मी नंतर डायरीत उतरवलं. एक, तो जिना. वर चढणाऱ्या रांगेत तिचा आतेभाऊ असतो, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. तो खाली उतरणाऱ्यांना म्हणतो, "चला उतरा, लास्ट स्टॉप!" सगळे हसतात, कारण बायचा बाप काय करतो हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे. दोन, पाचवीपासून एका बाकावर बसणारी मैत्रीण. तिने गणिताच्या तासाला दुसऱ्या मुलीला जागा दिली. द्यायलाच हवी, जागा रिकामी असते. पण बाय परत वर आली तेव्हा तिचं दप्तर मागच्या बाकावर सरकवलेलं होतं. तीन, कुणीतरी पसरवलेली बातमी: खालच्या गटाला दहावीला सोपा पेपर असतो, त्यामुळे त्यांना पुढे सायन्स मिळत नाही. चार, आईला कारखान्यात बायका विचारतील.

मी म्हटलं, "आणि गणित?"

"गणित बरं आहे. खालच्या बाई मराठीत सांगतात, मग इंग्रजी शब्द फळ्यावर लिहितात. समजतं." मग थोडा वेळ नुसते रातकिडे. "पण हे कोणाला सांगू नका हां बाबा."

मी पाखाडीवर बसल्या बसल्या हसलो आणि मग वाईट वाटलं. खाली बरं वाटतंय याचीच पोरीला लाज वाटत होती.

तर चारांपैकी गणित एकातही नाही. आम्ही घरात दोन दिवस गणिताची चर्चा करत होतो, शेजारचे क्लासचे पत्ते देत होते, डेपोतला एक मित्र चिपळूणच्या ट्यूशनची फी सांगून गेला होता. आणि पोरगी जिन्यावर अडकली होती.

जिन्याचं मी काही करू शकत नव्हतो. मैत्रिणीचं त्याहून नाही. आतेभावाचं करू शकलो असतो. बहिणीला एक फोन केला असता तर त्याला त्याच संध्याकाळी प्रसाद मिळाला असता. पण बायने बजावलं होतं की आत्याला कळता कामा नये, नाहीतर ते पण शाळेत होईल. राहिली ती तिसरी गोष्ट, सायन्सची. ती खरी की खोटी हे शाळेत विचारता येण्यासारखं होतं.

मध्येच एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे मला नेमकं काय विचारायचं ते सुचलं. माझी मेव्हणी इंग्लंडात नर्स आहे. तिच्या मुलाचंही तिकडे असंच झालं होतं. तिकडच्या शाळांत गणिताला 'सेट' पाडायची पद्धत जुनी आहे, सेट वन, सेट टू, असे. तिने फोनवर सांगितलं, "भावोजी, आमच्याकडे काळजी करण्यासारखं खरंच असतं. जीसीएसईला, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेला, गणिताचे दोन स्तर आहेत, फाउंडेशन आणि हायर. फाउंडेशनचा पेपर दिला की कितीही चांगला लिहा, ग्रेड पाचच्या वर जात नाही. सहा ते नऊ फक्त हायरवाल्यांना. खालच्या सेटमधल्या मुलांना बहुतेक फाउंडेशनलाच बसवतात. म्हणून मी शाळेत जाऊन पहिलं हेच विचारलं, याचा सेट बदलल्याने याचा पेपर बदलतो का? तुम्ही पण तेच विचारा. बाकी रडारड नंतर."

तिकडची गोष्ट तिकडे. पण प्रश्न चोख होता. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी साधा शर्ट घालून शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना तीनच गोष्टी विचारल्या. पुस्तक तेच का? वार्षिक परीक्षेचा पेपर तोच का? आणि गट बदलून वर यायचं तर केव्हा आणि कशावर?

पुस्तक तेच, पेपर तोच. गट प्रत्येक परीक्षेनंतर बघणार. आणि दहावीचं तर शाळेच्या हातातच नाही. आपल्या बोर्डाला गणित भाग १ आणि भाग २, चाळीस-चाळीस गुणांचे, ते वरच्यांना आणि खालच्यांना एकच. पूर्वी आपल्याकडे सामान्य गणित म्हणून सोपा पर्याय होता, तोही केव्हाच बंद झाला. सीबीएसईत दहावीला बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पेपर आहेत, पोरांनी बहुधा ते कुठून तरी ऐकून आपल्या जिन्याला जोडलं असावं. मुख्याध्यापक म्हणाले, "कोण सांगतं हो मुलांना हे असलं?" मी मनात म्हटलं, तुम्ही काहीच सांगितलं नाहीत म्हणून कोणीतरी सांगितलं. तोंडाने एवढंच म्हटलं की वर्गात एकदा जाहीर सांगून टाका. त्यांनी सांगितलंही, दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला. जिन्याचंही सुचवून बघितलं, की एक गट दोन मिनिटं आधी सोडा म्हणजे रांगा समोरासमोर यायच्या नाहीत. त्यावर ते नुसते हसले. तो जिना अजून तसाच आहे.

निघणार तेवढ्यात खालच्या गटाच्या बाई आल्या. तरुण आहेत, घाटावरच्या, दोन वर्षांपूर्वी लागलेल्या. सहामाहीचा पेपर घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "हे बघा. तुमची मुलगी कुठे चुकते ते बघा."

आठवीला 'सूट व कमिशन' म्हणून धडा आहे. त्यावरचं उदाहरण होतं. दुकानदाराने छापील किमतीवर २० टक्के सूट देऊन वस्तू १३६० रुपयांना विकली, तर छापील किंमत किती? इंग्रजीत 'मार्क्ड प्राइस', 'डिस्काउंट', 'सेलिंग प्राइस'. बायने १३६० चे २० टक्के काढले, २७२. ते १३६० मध्ये मिळवले आणि उत्तर लिहिलं १६३२. गुणाकार बरोबर, बेरीज बरोबर, अक्षर सुरेख. गुण शून्य.

आता लाज सोडून सांगतो. मीही मनातल्या मनात तेच केलं होतं. १६३२ बघून मला वाटलं, बरोबर तर आहे, काट का मारली?

बाईंना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. पण त्यांनी उत्तर सांगितलं नाही. म्हणाल्या, "हिशेब तिला येतो. 'टक्के' म्हटल्यावर कशाचे टक्के, हे ती विचारत नाही. आणि ही एकटी नाही. ही सगळी बॅच अशीच आहे. तिसरी-चौथी ही मुलं घरी बसून शिकलीत, अपूर्णांकांचा पाया तिथेच राहिला. पाचवीला एकदम सेमी. वर आणि इंग्रजी वाक्य."

बॅच हा शब्द ऐकला आणि मी परत येताना सगळा रस्ता मागची वर्षं मोजत आलो. बाय दुसरीत गेली जून २०१९ ला. त्याच वर्षी दुसरीचं गणिताचं नवीन पुस्तक आलं होतं, ज्यात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचायचं दिलं होतं आणि राज्यभर त्यावरून गदारोळ झाला होता. माझी आई तेव्हा म्हणाली होती, यात नवीन काय, आम्ही तर नारळ विसाने मोजायचो, तीन विसा न् पाच. (मला स्वतःला ते पुस्तक पटलं होतं. त्रेसष्ट म्हणताना आपण तीन आधी बोलतो आणि सहा आधी लिहितो. बाय कितीतरी दिवस ३६ लिहायची. पण त्या वेळी पटलं म्हणायची सोय नव्हती.) वर्ष संपत आलं तेवढ्यात मार्च २०२०, शाळा बंद. तिसरी पूर्ण मोबाइलवर, आणि मोबाइल घरात एकच, तो माझ्याबरोबर. जूनमध्ये निसर्ग वादळाने पत्रे उडवले, वीज किती दिवस नव्हती ते आता आठवतही नाही. चौथीत गेली तर २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, आणि ऑक्टोबरच्या शेवटी आमचा संप सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत.

त्या संपात मी घरी होतो. तेवढे सगळे महिने घरी. पोरीला अपूर्णांक शिकवायला याहून जास्त वेळ कुठल्या बापाला मिळाला असता? पण तेव्हा पगार नव्हता, डोक्यात उसनवारी होती, नोकरी राहते की जाते हे होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आंब्याच्या बागेत पेट्या भरायला जायचो. पाच डझनी, सहा डझनी, दिवसभर डझन मोजायचे आणि घरी येऊन पडायचं. ती शेजारी पाटी घेऊन बसलेली असायची. मी काय विचारतेस म्हणून बघितलं नाही. आज तिची वही तपासायला मी कोण?

हे बायला सांगितलं. सगळं नाही, पण एवढं सांगितलं की तुझ्या गणितातली भोकं कुठल्या वर्षी पडली ते मला सापडलंय, आणि त्यातली काही माझ्या नावावर आहेत. तिने नुसतं "हं" केलं. पण तिचे खांदे जरा खाली आले असं बायको म्हणते.

मग १६३२ चं कोडं. मला ते सुटलं चालत्या गाडीत. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. हेदवीच्या वळणावर एक मावशी चढल्या, दहा-दहाच्या नोटा चुरगळून हातात. मशीनमधून तिकीट काढलं, चाळीस. त्या म्हणाल्या, "ह्यांचं पण काढा, पूर्ण." मी न बघता म्हटलं, ऐंशी. आणि तिथेच डोक्यात घंटा वाजली. मी साठ का नाही म्हटलं?

रात्री पाखाडी चढून फोन लावला. "बाय, अर्ध्या तिकिटाचे चाळीस झाले तर पूर्ण किती?"

"ऐंशी. हे काय विचारताय?"

"कसं काढलंस? सूट किती टक्के आहे?"

"पन्नास."

"मग तुझ्या पेपरातल्यासारखं कर. चाळीसचे पन्नास टक्के किती?"

"वीस."

"मिळव चाळीसमध्ये."

पलीकडे एकदम शांत. मग, "थांबा थांबा थांबा," आणि फोन आपटल्याचा आवाज. वही आणायला पळाली होती. परत आली ती बोलतच. सूट पूर्ण तिकिटाची असते, अर्ध्याची नाही. म्हणजे २० टक्के छापील किमतीचे. शंभरातले वीस गेले की ऐंशी उरतात, म्हणजे १३६० हे ऐंशी भाग. एक भाग सतरा. शंभर भाग सतराशे. "बाबा, सतराशे! आणि माझे १६३२ तपासून बघितले असते तर कळलं असतं. त्याचे २० टक्के ३२६ रुपये ४० पैसे. ते वजा केले तर १३०५ रुपये ६० पैसे येतात, १३६० येतच नाहीत."

तपासून बघायचं मला सुचलं नव्हतं. ते तिचं तिला सुचलं.

इथून सगळं सुरळीत झालं असं वाटेल, तर तसं नाही. मला चेव चढला. पुढचे काही आठवडे मुक्कामाच्या प्रत्येक रात्री मी पाच-पाच उदाहरणं द्यायला लागलो. टप्प्याचं भाडं, वेबिलाची बेरीज, वेग-वेळ-अंतर, जे दिसेल ते. चौथ्या रात्री बायकोने फोन उचलला आणि म्हणाली, बाय झोपली. सव्वानऊच वाजले होते. तिसऱ्या वेळी तेच झालं तेव्हा कळलं. आधी शाळेत जिना, आता घरी बाप.

तेव्हापासून एका रात्री एकच प्रश्न, आणि तोही तिने हो म्हटलं तर. तो सुटला नाही तर मी लगेच उत्तर सांगत नाही, आणि सुटला तर लगेच दुसरा टाकत नाही. हे दुसरं जास्त कठीण आहे. 'चलन'च्या धड्याला दोघांनी मजा केली. टप्पे वाढले की भाडं वाढतं, दर सहा किलोमीटरला एक टप्पा, ते समचलन. लावणीला सहा बाया असल्या तर चार दिवस लागतात, आठ आल्या तर तीन, ते व्यस्तचलन. आजी मध्येच म्हणाली, आठव्या बाईला चहा करायला लागतो, त्यात अर्धा दिवस जातो, तो धर. बायने धरला. उत्तर पुस्तकातल्यासारखं आलं नाही, पण भांडण छान झालं.

ट्यूशन लावली नाही. पैशाचा प्रश्न होताच, पण चिपळूणला जाऊन-येऊन रोजचे तीन तास गेले असते, हेही होतं. हे बरोबर केलं की नाही ते मला अजून ठाऊक नाही. गट पाडण्याबद्दलही तसंच. मी ड तुकडीचा, माझा राग जुना आहे, तो बाजूला काढून बघायचा प्रयत्न करतो. खालच्या बाई चांगल्या नसत्या, 'फळ्यावरचं उतरवून घ्या' वाल्या असत्या, तर हे लिहिताना माझा सूर वेगळा असता. एका विषयापुरतं खाली बसणं हे माझ्या वेळच्या ड तुकडीपेक्षा नक्कीच बरं, कारण बाकी सहा तास ती आपल्या बाकावर असते. पण ते चांगलं ठरलं ते त्या बाईंमुळे, पद्धतीमुळे नाही, असं मला वाटतं.

मैत्रिणीचं मात्र सुटलं नाही. ती अजून बोलते, डबा एकत्र खातात, पण बाक बदलला तो बदललाच. बाय आता त्याबद्दल बोलत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "असू दे बाबा." तेरा वर्षांच्या मुलीने 'असू दे' म्हणणं मला आवडलं नाही, पण यावर माझ्याकडे काही तोडगा नाही. खाली तिला एक नवी मुलगी भेटली आहे, ब मधली, कोळीवाड्यातली. तिचे वडील ट्रॉलरवर आहेत. ती किलोचे भाव आणि टोपलीचे हिशेब तोंडी करते आणि बायला त्याचं फार कौतुक. तासाला जाताना दोघी चिंच खात जिन्याच्या खालच्या पायरीवर भेटतात. आतेभावाचं 'लास्ट स्टॉप' चालूच होतं. परवा बायने त्याला तिथेच अडवून अर्ध्या तिकिटाचा प्रश्न घातला, तो साठ म्हणाला. पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही, पण रात्री बहिणीचा फोन आला होता की तुझी लेक माझ्या पोराला काय शिकवते जरा बघ.

जानेवारीतल्या घटक चाचणीत २० पैकी १३ पडले. बाईंनी विचारलं, वर जायचं का? बाय म्हणाली, वार्षिक होईपर्यंत खालीच बसते. मला हे तिने जेवताना, भाजी वाढून घेता घेता सांगितलं. मी का म्हणून विचारलं नाही. बायको विचारणार होती, तिला मी पायाने खुणावलं.

आज परत मुक्कामाची गाडी आहे. हल्ली प्रश्न मी नाही, ती घालते. चौकोनी घडी केलेला कागद डब्याच्या पिशवीत टाकते आणि बजावते की पाखाडी चढून झाल्याशिवाय उघडायचा नाही. दुपारी डबा काढताना तो हाताला लागला. तसाच परत ठेवलाय.